तिरकं

तीन अक्षांचं मीटर पुण्याला दुरुस्तीला गेलंय,
म्हणून हे जुनं, एका काडीचं.
काडी उभी धरायची, आकडा लिहायचा.
आडवी धरायची, लिहायचा.
मग माझ्याच छातीकडे रोखून, पुन्हा.
तिन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ.
मोईन वही धरतो. अंबडच्या गच्चीवर
कारखान्यांकडचा वारा पानं उलटवत राहतो.

तक्रारदार शालन दातीर, वय बासष्ट.
समोरच्या मंगल कार्यालयावर टॉवर.
त्रास: झोप नाही.

"लाट म्हणजे नेमकं काय हो?"
कपड्यांची नायलॉनची दोरी सोडली मी,
जिन्याच्या उभ्या गजांमधून ओवली,
पलीकडचं टोक मोईनच्या हातात.
वर-खाली झटकली, तर फटीतून सळसळत
गेली त्याच्या मुठीपर्यंत.
डावी-उजवी झटकली, तर गजावर आपटून मेली.
"लाट कुठल्या अंगानं डोलते त्यावर असतं, बाई.
ऊन सगळ्या अंगांनी डोलतं.
अँटेना ठरवून डोलते."
दोरीवरचे दोन चिमटे जिन्यात पडले होते.
बाई त्यांच्याकडेच बघत होत्या.

"मग हा उभा डोलतो का आडवा?"
"दोन्ही नाही. तिरका.
पंचेचाळीस अंशांत, इकडून आणि तिकडून. अशी फुली."
मी हवेत फुली काढून दाखवली.
काढल्यावर वाटलं, नको होती काढायला.

"माणूस उभा असला की जास्त घेतो?"
अठरा वर्षांत एकाही नगरसेवकानं
हे विचारलेलं नाही मला.
म्हटलं, लाट उभी, माणूसही उभा, तर घेतो थोडं जास्त;
पण लाटेची लांबी किती, माणूस केवढा...
"रात्री मी उभी नसते."
"हो, आडवं असलं की..."
"आडवीही नसते. तिरकी झोपते.
हे गेल्यापासून पलंग आख्खा माझा.
डोकं त्यांच्या उशीवर, पाय माझ्या बाजूला."

आतल्या खोलीत गेलो.
काडी पलंगाच्या कर्णावर निजवली.
आकडा मर्यादेच्या हजारव्या हिश्श्याहूनही कमी.
मोईननं दोनदा विचारला,
मी दोनदा सांगितला, दुसऱ्यांदा हळू.

खिळ्याला पिशवी, पिशवीत फाइल,
मुंबई नाक्याकडच्या हॉस्पिटलची.
तेहतीस वेळा नेलं होतं त्यांना.
गळ्यावर जांभळ्या शाईची खूण करायचे,
अंघोळीत चोळू नका म्हणायचे.
"ते नि हे एकच का?"
"नाही. ते पेशीतले बंध तोडतं.
ह्यात तेवढा दम नाही. हे फार तर
अंगातलं पाणी हलवतं, किंचित कोमट करतं."
"त्याचे तर पैसे भरले आम्ही.
नंबर लावून, डबा घेऊन बसायचो.
आणि ह्याला मी नको म्हणतेय."
हसल्या. मोईनला हसावं की नाही कळेना.

"टॉवर कधी लागला?"
"ह्यांच्या तेराव्याला क्रेन आली.
पंगतीतली पोरं पान टाकून
पळाली गच्चीवर बघायला.
मला बाई बरंच वाटलं तेव्हा,
पोरं ओरडत होती ते."

शेरा लिहायच्या रकान्यात बोटभर जागा.
लिहिलं: मर्यादेत.
दोरी पुन्हा बांधून दिली.
आधीपेक्षा सैल बसली. राहू द्या म्हणाल्या.

पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला फोन थरथरला.
कॉलेज रोडवर घेतलेला गॉगल, चकाकी कापणारा;
त्यातून स्क्रीन काळीकुट्ट दिसते.
मान तिरकी केली की अक्षरं उगवतात.
बायकोचा मेसेज: जेवायला थांबू का?
सिग्नल सुटला. मागचा रिक्षावाला बोंबलतोय,
मोईन म्हणतोय, साहेब, चला.
मी अजून मान तिरकी धरून.